ज्याचं मशीन, त्याचं बोट

रेइनो माट्टिलानं उभं आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर काढलं. आमच्याकडे, शिकागोच्या पार उत्तरेला, मोठ्या तळ्यावरून वारा सुटतो तो नुसता येत नाही, ओला बर्फ घेऊन येतो, आणि तो बर्फ तारांना मनगटाएवढा जाड चिकटतो. मग तार तुटते आणि अख्खा रस्ता मुका होतो. अशा वेळी कमरेला पट्टा आणि पायांना काटे बांधून रेइनो निघायचा. मी तेव्हा काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवायचो. मी पुढं रस्ता उघडायचा आणि त्यानं मागून तार जोडायची, असे आम्ही कितीतरी हिवाळे काढले. घरोघर फोन वाजायला लागले की तो वरूनच ओरडायचा, "बोला रे आता! काय भांडायचं ते भांडून घ्या!"

गर्व होता त्याला. खोटं कशाला बोलू, तो त्याला शोभायचाही. दुकानात कुणी म्हणालं, की कंपनीनं लाइन सुरू केली बरं का, तर रेइनो हातातली पिशवी खाली ठेवायचा. "कंपनीनं नाही. मी."

नोकरी संपल्यावर कोस्की कॉर्नरची माणसं बर्फात भोक पाडून मासे धरत बसतात, नाहीतर बायकोच्या पायात घुटमळतात. रेइनोनं लग्न केलं नव्हतं आणि माशांचा त्याला कंटाळा. त्यानं जुने लॅपटॉप धरले. कुणाचा बंद पडलेला, कुणाचा इतका मंद झालेला की तो सुरू करून सॉनाची, आमच्या वाफेच्या न्हाणीची, शेगडी पेटवून यावी तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे. रेइनो त्यातली जुनी प्रणाली काढून लिनक्स घालायचा. त्याला पैसे पडत नाहीत. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही त्याच्या पोटात डोकावून बघावं, हवं ते बदलावं, शेजाऱ्याला द्यावं. आमचे आजे-पणजे सगळे हेलसिंकीकडून बोटीनं आलेले, आणि आमच्या म्हाताऱ्यांना फुकट वस्तूचा मोठा संशय. त्यांना रेइनो सांगायचा, "अरे, याचा गाभा हेलसिंकीच्या एका पोरानं लिहिलाय. आपलं रक्त आहे ते." मग म्हातारे मान हलवायचे. "असं होय? मग टिकेल."

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी हॉलमध्ये दुरुस्ती भरते. हा हॉल आमच्या आजोबा-पणजोबांनी दारूबंदीसाठी बांधला, आणि तिथं आजही फक्त कॉफीच चालते, निदान टेबलाच्या वरच्या बाजूला तरी. एका टेबलावर टोस्टर आणि दिवे, एकावर कोटांच्या चेनी, आणि खिडकीपाशी, जिथं उजेड चांगला, तिथं रेइनोचं टेबल. त्यावर निळे पेन ड्राइव्ह पडलेले असायचे. पतपेढीनं वार्षिक जेवणाला मूठमूठ वाटलेले, सगळे एकाच निळ्या रंगाचे. कुणावर नवीन लिनक्स भरून ठेवलेलं, कुणावर लोकांच्या फायली तात्पुरत्या काढलेल्या.

त्या टेबलाचे दोन नियम होते आणि दोन्ही रेइनोनंच केलेले. जुनं पुसण्याआधी मालकाच्या फायली बाहेर काढायच्या, आणि ज्यानं काढल्या त्यानं नव्हे, दुसऱ्या कुणीतरी त्यातली एक उघडून बघायची. हा झाला एक. दुसरा लोकांना जास्त आवडायचा. सगळं झालं की पडद्यावर शेवटचं विचारतात, डिस्क पुसून नवीन घालू का? ते बटण रेइनो कधी दाबायचा नाही. "ज्याचं मशीन, त्याचं बोट," म्हणायचा. "मी दाबलं तर ते माझं झालं. तू दाब, म्हणजे तुझं राहील." मग कुणी आजी रुमालाला बोट पुसून, खुर्चीत नीट सावरून बसून ते बटण दाबायची. सगळा हॉल टाळ्या वाजवायचा आणि तिला निसूचा, आमच्या गोड पावाचा, पहिला तुकडा मिळायचा, ताजा, वेलदोड्याचा वास मारणारा.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी बातमी आली, की जुन्या मशीनांतली प्रणाली आता ती बनवणारी कंपनी सांभाळणार नाही. खिडकीपाशी रांग लागली. त्या रांगेत इलेन काउप्पिला नवऱ्याला घेऊन उभी राहिली.

तिचा नवरा उर्हो. आमच्या हॉलमध्ये बिंगोचे आकडे वर्षानुवर्षं त्यानंच पुकारले. माइक कधी लागला नाही. रिकाम्या पिंपात धोंडा सोडावा तसा त्याचा आवाज. शेवटच्या बाकावरची बहिरी माणसंसुद्धा आकडा ऐकून गोटी ठेवायची. वसंतात डॉक्टरांनी त्याच्या घशातली गाठ काढली, आणि तिच्याबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. आता गळ्यावर एक छोटं फडकं असतं आणि हातात पोरांची असते तशी पाटी.

"यात उर्हो आहे," लॅपटॉप टेबलावर ठेवत इलेन म्हणाली.

"उर्हो तर तुझ्या शेजारी उभाय."

"तो नाही रे. त्याचा आवाज."

ऑपरेशनच्या आधी इस्पितळातल्या बाईनं त्यांना सांगितलं होतं, की शेकडो वाक्यं मशीनमध्ये बोलून ठेवा. त्यावरून पुढं उर्होचा आवाज घडवता येतो. त्यानं टाइप करायचं आणि मशीननं त्याच्याच आवाजात बोलायचं. सबंध फेब्रुवारी उर्हो स्वयंपाकघरात बसून बोलला. आज वारा उत्तरेचा आहे. माझ्या कॉफीत साखर नको. दार लाव, बाहेर थंडी आहे. मग ऑपरेशनची तारीख अलीकडे आली, मग दुखणं, मग उन्हाळा, आणि फायली पाठवायच्या राहूनच गेल्या. आता पाठवायला बसावं तर लॅपटॉप हलेना.

"याला एवढा हलता कर," इलेन म्हणाली, "की तो आवाज तिकडं जाईल. बाकी काही नको मला."

उर्होनं पाटीवर लिहून रेइनोसमोर धरलं. 'हळू हाताळ. मी आत आहे.'

रेइनो खळखळून हसला. "मित्रा, तुला मी निसूच्या टोपलीसारखा उचलून ठेवतो."

आणि ठेवलाही. सगळ्यात आधी त्यानं ती फायलींची थप्पी एका निळ्या पेन ड्राइव्हवर काढली आणि तो कॉफीच्या कपाशेजारी ठेवला. टेबलावर त्याच्याबरोबर कार्ला रुओना असते, ती हायस्कुलात गणित शिकवते. मागच्या महिन्यात तिनं चार लोकांत रेइनोची एक चूक दाखवली होती, आणि तिचं बरोबर निघालं होतं. तेव्हापासून तो तिला मास्तरीणबाई म्हणायला लागला होता.

"बघू का एखादी उघडून?" कार्लानं विचारलं.

"मास्तरीणबाई, मी वादळात तारा जोडत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस."

"म्हणजे बघू, की नको?"

"नको. तिकडं तो टोस्टरवाला तुझ्या नावानं कधीचा खोळंबलाय."

कार्लानं खांदे उडवले आणि गेली.

रेइनोचा नवीन लिनक्सचा पेन ड्राइव्ह कुणीतरी पलीकडच्या टोकाला नेला होता. हरकत नाही, दुसरा भरू. त्याचा हात कपाशेजारी गेला, निळा पेन ड्राइव्ह उचलला, आपल्या मशीनला लावला. मशीननं विचारलं, यावरचं सगळं जाईल, चालेल? त्यानं चालेल म्हटलं. त्या हातानं थंडीत, काळोखात, न बघता हजारो गाठी मारल्या होत्या. तो हात बघत नव्हता. मी तिथंच कॉफी ओतत उभा होतो. मला दिसलं ते एवढंच, की रेइनो कामात आहे.

मग त्यानं तोच पेन ड्राइव्ह इलेनच्या लॅपटॉपला लावला. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला.

"ये इलेन. ज्याचं मशीन, त्याचं बोट."

इलेननं बोट पुसलं. बटणावर नेलं, आणि थांबली. "सगळं बाहेर काढलंय ना?"

"मी काढलंय," रेइनो म्हणाला. त्यातल्या 'मी'वर त्यानं जोर दिला, जसा तो नेहमी द्यायचा.

तिनं दाबलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात उर्होनं वाजवल्या. त्याच्याजवळ आता आनंद करायला तेवढंच होतं.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो पोरासारखा टुणकन. इलेननं तोंडावर हात ठेवला. "हा आमचाच का रे?" रेइनोनं निळा पेन ड्राइव्ह त्याला लावला, फायली परत घालायला, आणि पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं तो काढला आणि दुसरा लावला. मग तिसरा. एकदा खांबावर त्याचा पट्टा सुटला होता, तेव्हा खालून मी त्याचा चेहरा पाहिला होता. तसाच चेहरा आत्ता खुर्चीत बसलेल्या माणसाचा झाला.

"काय झालं?" इलेननं विचारलं. मग हळूच, आपल्या बोटाकडे बघत, "मी काही चुकीचं दाबलं का?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. लहान पोराला येतो तो शब्द. रेइनोनं लॅपटॉप मिटला.

"फायली मोठ्या आहेत," तो म्हणाला. "मशीन घरी नेतो. सावकाश भरतो."

उर्होनं पाटीवर लिहिलं, 'सावकाश. मी कुठं पळतोय.'

पुढचं सगळं मला नंतर रेइनोनंच सांगितलं.

पुसलेल्या डिस्कवरचं जुनं लगेच मरत नाही. बर्फाखाली गवत असतं तसं ते खाली पडून असतं, वर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून तिथल्या तिथं मशीन बंद करायचं, डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला बाहेरून जोडायची आणि नुसती वाचायची. हे रेइनोला माहीत होतं. हॉलमध्ये त्यानंच लोकांना शिकवलेलं होतं. तशी डिस्क जोडायची पेटी आणि ती वाचायची हातोटी आमच्या भागात एकाच माणसाकडे होती, कार्लाकडे. त्या संध्याकाळी तिच्या दारावरून रेइनोचा ट्रक गेला. दिवा जळत होता. ट्रक थांबला नाही.

घरी जाऊन त्यानं लॅपटॉप सुरू केला. हरवलेलं शोधायचे प्रोग्रॅम त्याच मशीनवर उतरवले, त्याच डिस्कवर. एक चालेना म्हणून दुसरा, दुसरा चालेना म्हणून तिसरा. उर्होचा आवाज खाली होता आणि रेइनो फावडं घेऊन वर बर्फ लोटत होता. हेही त्याला कळत होतं. तरी रोज सकाळी तो पुन्हा बसायचा, कारण न बसणं म्हणजे फोन उचलून सांगणं.

फोन तर येतच होते. "झालं का रे?" "चाललंय." दुसऱ्या आठवड्यात, "काही अडचण आहे का?" "मशीन जरा हट्टी आहे." मग हरणांच्या शिकारीचा मोसम लागला. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी कुठं नाहीसं झालं तर विचारत नाहीत. रेइनोला बंदूक धरायची आवड नाही, तरी तो जंगलातल्या खोपटात जाऊन राहिला, लॅपटॉप घोंगडीत गुंडाळून. तिथं वीजही नव्हती.

मला इलेन सहकारी दुकानात भेटली. बटाट्यांच्या पोत्यापाशी तिनं माझी बाही धरली.

"खरं सांग. रेइनो मला टाळतोय ना?"

"तो शिकारीला गेलाय."

"रेइनो? तो मुंगीसुद्धा मारत नाही." ती जरा थांबली. "मला कळतंय काय झालंय ते. मीच काहीतरी भलतं दाबलं. सगळं पुसलं गेलं, आणि तो बिचारा मला वाईट वाटू नये म्हणून गप्प आहे. भला माणूस आहे." मग ती बटाटे चाचपत म्हणाली, "मी उर्होला अजून सांगितलं नाही. त्याच्यासमोर कॉफी ठेवते ना, तेव्हा हा हात मागं घेते."

भला माणूस आहे, हे ती म्हणाली तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. तरी मी बटाटे न घेताच निघालो.

शनिवारी रेइनो खोपटातून परतला आणि नेहमीसारखा माझ्या सॉनाला आला. सॉनात खोटं बोलू नये असं आमच्याकडे कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण उघड्या माणसाला खोटं ठेवायला खिसा नसतो. मी दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली, आणि त्या वाफेत मी इलेनचं बोलणं जसंच्या तसं त्याला सांगितलं.

तो वरच्या फळीवर होता. तिथून तो खालच्या फळीवर उतरला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली, पेन ड्राइव्हपासून घोंगडीपर्यंत, मध्ये एकदाही न थांबता, एखाद्यानं तार गुंडाळत आणावी तसं.

"भला माणूस म्हणाली?" शेवटी त्यानं विचारलं.

"म्हणाली."

"पाणी टाक अजून."

"पुरे झालं. कातडं सोलून निघेल."

"निघू दे."

मी पाणी टाकलं नाही. तो म्हणाला, "आधी कार्लाकडे जाऊ. चार फायली मिळाल्या तरी त्या घेऊन इलेनकडे जाऊ. मोकळ्या हातानं कसा जाऊ मी?"

"मोकळ्या हातानंच जायचं. ती बाई कॉफी ठेवताना हात मागं घेतेय, रेइनो."

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर आम्ही काउप्पिलांच्या स्वयंपाकघरात उभे होतो. आमच्याकडे दारात कुणी आलं की आधी कॉफी होते, मग बोलणं. इलेन किटलीकडे वळली.

"नको," रेइनो म्हणाला. टोपी हातात होती आणि तो ती पिळत होता. "आधी ऐक. मग द्यावीशी वाटली तर दे. तू जे दाबलंस ते बरोबर दाबलंस. मी सांगितलं म्हणून दाबलंस. त्याआधीच मी उर्होच्या फायलींचा पेन ड्राइव्ह माझ्या हातानं पुसला होता. कार्ला बघते म्हणत होती, मी तिला हाकललं. आणि तू विचारलंस, मी चुकीचं दाबलं का, तेव्हा..." इथं टोपी पिळायची थांबली. "तेव्हा मी तुला नाही म्हणालो नाही."

इलेननं किटली ओट्यावर ठेवली.

"मला वाटत होतं, मी माझ्या नवऱ्याला पुसलं," ती म्हणाली. "रोज. झोपून उठले की पहिलं तेच. आणि तू तिकडं हरणं मारत होतास."

"एकही मारलं नाही."

"चला. ती तरी वाचली तुझ्या हातातनं."

उर्हो टेबलाशी बसला होता. तो बायकोकडे बघत होता, रेइनोकडे नाही. ही गोष्ट त्याला आत्ताच कळत होती, आवाज गेल्याचीही आणि तिनं ती इतके दिवस एकटीनं वाहिल्याचीही. त्यानं पाटी ओढली. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं, बाहीनं जोरात. शेवटी त्यानं पाटी फिरवली, तेव्हा तिच्यावर एकच शब्द होता. 'कार्ला.'

कॉफी त्या दिवशी झाली नाही.

कार्लानं आपल्या जेवणाच्या टेबलावर वह्या बाजूला सारल्या आणि लॅपटॉप उलटा केला. मला वाटलं, आता ही त्याला सोलणार. रेइनोलाही तेच हवं होतं बहुतेक. तो मान पुढं काढून उभा होता. तिनं पेचकस उचलला. स्क्रू काढताना फक्त विचारलं, "त्यानंतर किती वेळा सुरू केलंस?"

"रोज."

"रोज?"

"आणि शोधायचे प्रोग्रॅम उतरवले."

"बाहेरून लावून?"

"यातच."

कार्लाचा हात थांबला. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बस, रेइनो," ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात, वर्गातल्या आजारी पोराशी बोलावं तसं. मला विचाराल तर त्या मऊपणानं त्याचं जेवढं सालटं गेलं तेवढं सॉनाच्या वाफेनंही गेलं नसतं.

डिस्क वाचायला बरेच दिवस लागले. त्यातून निघालं ते असं. बरेचसे नुसते खरखराटाचे तुकडे, काही अर्धी वाक्यं. आज वारा उत्त. माझ्या कॉफीत सा. दार ला. जणू कुणी उर्होच्या तोंडावर पुन्हापुन्हा हात ठेवत होतं. ते सगळं कार्लानं इस्पितळातल्या बाईकडे पाठवलं. त्या बाईनं नीट ऐकून कळवलं, की एवढ्यावर आवाज उभा राहत नाही, वाईट वाटतं.

"त्याच दिवशी आणला असता तर?" रेइनोनं कार्लाला विचारलं.

"कशाला विचारतोस?"

"सांग."

"बराचसा निघाला असता," कार्ला म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, गणितवाली आहे.

आता उर्हो टाइप करतो तेव्हा मशीन तयार आवाजात बोलतं. गुळगुळीत, कुठल्याशा मोठ्या शहरातल्या माणसाचा. त्याला उर्हो शिकागोवाला म्हणतो. म्हणजे लिहितो. 'शिकागोवाल्याला घरात घेतलाय. भाडं देत नाही.' बिंगोला तो शिकागोवाल्याला कधी नेत नाही.

पण त्या सगळ्या चुऱ्यात एक तुकडा अख्खा निघाला होता. ते वाक्य बोलून ठेवायच्या यादीतलं नव्हतं. फेब्रुवारीत कधीतरी मशीन अडलं असणार आणि रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं असणार. कार्ला तो तुकडा घेऊन काउप्पिलांकडे आली, तेव्हा तिनं रेइनोला मुद्दाम बोलावलं नव्हतं. इलेननं बोलावलं. मीही होतो. कार्लानं बटण इलेनपुढं केलं. इलेननं हात मांडीवरच ठेवला. तेव्हा उर्होनं बोट पुढं केलं.

खरखर झाली आणि स्वयंपाकघरात तो आवाज उठला. रिकाम्या पिंपात सोडलेला धोंडा.

"हात् तिच्या, परत अडलं! इलेन! अगं, रेइनोला बोलाव. त्याला सगळं येतं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि संपलं.

इलेननं हातातल्या ताटपुसण्याला तोंड पुसलं. रेइनो उठला आणि कोट न घेता बाहेर गेला. खिडकीतून मला तो दिसत होता, सरपणाच्या ढिगाकडे तोंड करून उभा, डोक्यावर बर्फ पडतोय आणि तो झटकत नाही. आत उर्होनं पुन्हा बटण दाबलं. रेइनोला बोलाव. त्याला सगळं येतं. मग पुन्हा. चौथ्यांदा बोट गेलं तेव्हा इलेननं ते आपल्या हातात धरलं आणि धरूनच बसली. मग तीच मला म्हणाली, "त्याला आत घे. न्यूमोनिया झाला तर तोही आपल्यालाच निस्तरावा लागेल."

त्या दिवशी कॉफी झाली. रेइनोच्या कपात तिनं ओतली, पण निसूची थाळी त्याच्याकडे सरकवली नाही. त्यानं ती मागितलीही नाही.

खिडकीपाशचं टेबल आता कार्लाचं आहे. रेइनो येतो, खुर्च्या मांडतो, मशीनांवरची धूळ काढतो. कुणाच्या फायली काढायच्या असल्या तर काढतो आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडतो, "मास्तरीणबाई, या, बघा!" तिचं एक फाइल उघडून ऐकून-पाहून होईपर्यंत तो हात पाठीमागं बांधून उभा राहतो. फायलींचे पेन ड्राइव्ह त्यानं कोठाराच्या उरलेल्या लाल रंगात बुडवून घेतलेत. शेवटचं बटण अजून मालकच दाबतो, टाळ्याही पडतात. पण ज्याचं मशीन त्याचं बोट, हे आता रेइनो म्हणत नाही. लोकच म्हणतात, आणि त्या वेळी तो खिडकीबाहेर बघतो.

काउप्पिलांच्या लॅपटॉपवर लिनक्स छान चाललंय. तरी मधूनमधून काहीतरी अडतं. प्रिंटर रुसतो, पडदा काळा होतो. खरंच अडतं की नाही, देव जाणे. त्यांच्या घरी अजून भिंतीवरचा जुना फोन आहे. उर्हो रेइनोचा नंबर फिरवतो आणि रिसीव्हर लॅपटॉपसमोर धरतो.

एकदा मी रेइनोकडे बसलो असताना तो फोन आला. त्यानं रिसीव्हर कानाला लावला. मला दोन हात लांबूनही ऐकू आलं. रेइनोला बोलाव. त्याला सगळं येतं. रेइनो मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला, खुर्ची सरकल्याच्या आवाजापर्यंत. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

"आलो," तो म्हणाला.

हा टोमणा आहे की बोलावणं, ते मी उर्होला कधी विचारलं नाही, आणि रेइनोलाही नाही. तो उठला, टोपी घातली आणि वाऱ्यात निघाला. दारातून मला त्यांच्या घराकडं जाणारी तार दिसत होती, बर्फानं जाड झालेली पण तुटलेली नव्हे. त्यानंच ओढलेली.